यादीत नाव लागले. आता कॉलेज कोणते?

मूग तोडणीला आलेला असतो, कपाशीत खुरपणी चाललेली असते, दुभत्या जनावरांचे वैरणपाणी उरकून घरातली माणसे रानात गेलेली असतात आणि अशा ऐन धांदलीत निरोप येतो, ‘यादी लागली, नाव आलं!’ घरात आनंद होतो. देवापुढे साखर ठेवली जाते, शेजारीपाजारी पेढे पोहोचतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी खरा प्रश्न पुढे येतो. नाव लागलेले कॉलेज घ्यायचे, की पुढच्या फेरीची वाट पाहायची? लांबचे सरकारी बरे, की जवळचे खाजगी? आणि जे घ्यायचे त्याला पैसा कोठून आणायचा?

या प्रश्नांची उत्तरे द्यायला घराला तीन-चार दिवसांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही. बैल घ्यायचा म्हटले तर आपण चार बाजार फिरतो, दात पाहतो, चालवून पाहतो, ओळखीच्या माणसाला विचारतो. मुलाच्या किंवा मुलीच्या आयुष्याची चार वर्षे मात्र पुष्कळदा कोणाच्या तरी सांगण्यावरून एका संध्याकाळी ठरतात. म्हणून या निवडीचा विचार कसा करावा, कोणत्या क्रमाने करावा, हे येथे मांडले आहे. कृषी विस्ताराच्या कामात गावोगावी हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो तो कृषी पदवीच्या प्रवेशाबाबत, म्हणून उदाहरणे त्याच अभ्यासक्रमाची घेतली आहेत. हिशेबाची रीत मात्र इतर अभ्यासक्रमांनाही तशीच लागू पडते.

नाव लागले म्हणजे प्रवेश झाला नव्हे

महाराष्ट्रात कृषी पदवीचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत केंद्रीभूत पद्धतीने होतात. अर्ज, तात्पुरती गुणवत्ता यादी, त्यावर हरकती, अंतिम यादी, मग महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरणे आणि त्यानंतर जागावाटपाच्या फेऱ्या असा हा क्रम आहे. फेरीत नाव लागणे म्हणजे तुमच्यासाठी एक जागा राखून ठेवली, एवढाच त्याचा अर्थ. ठरलेल्या मुदतीत ती जागा स्वीकारून, मूळ कागदपत्रे दाखवून आणि शुल्क भरून महाविद्यालयात हजर झाल्यावरच प्रवेश पक्का होतो. मुदत टळली की ती जागा हातची जाते. मग मार्कांची कितीही चांगली पत्रिका दाखवली तरी उपयोग होत नाही.

पुष्कळ अभ्यासक्रमांच्या प्रवेशात असा नियम असतो की पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ते घ्यावेच लागते, पुढच्या फेरीची वाट पाहता येत नाही. खालच्या पसंतीचे मिळाले असेल तर ती जागा धरून ठेवून वरच्या पसंतीसाठी पुढच्या फेरीत थांबता येते. पण पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली की आधीची आपोआप सुटते, हेही ध्यानात घ्यावे. मागे परतण्याची वाट नसते. हे नियम दर वर्षी थोडेफार बदलतात. म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलाला मोठ्याने वाचायला सांगावी आणि घरातल्या सर्वांनी बसून ऐकावी. शेजारच्या मुलाच्या वेळी गेल्या वर्षी काय झाले, यावर विसंबून राहू नये.

कागदपत्रांवाचून गेलेल्या जागा थोड्या नाहीत. मागास प्रवर्गातील मुलांना जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि ज्यांना लागू आहे त्यांना नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागते. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून गेल्या वर्षी काढलेले प्रमाणपत्र पेटीत आहे म्हणून निर्धास्त राहू नये. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, सातबाराचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, आधारशी जोडलेले मुलाच्या नावाचे बँक खाते, हे सारे एका पिशवीत घालून ठेवावे. जात वैधतेचा अर्ज तर अकरावीतच करून टाकावा. पेरणीच्या दिवसांत तहसील कचेरीत आणि सेतू केंद्रावर रांगा किती लांब असतात, हे कोणाला सांगायला नको.

आधी अभ्यासक्रम, मग गाव

घरात चर्चा सुरू होते ती बहुधा गावापासून. राहुरी की अकोला, परभणी की दापोली. वास्तविक पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा आहे. राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. यांच्याशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र, कृषी अभियांत्रिकी, अन्न तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, सामुदायिक विज्ञान, कृषी व्यवसाय व्यवस्थापन अशा निरनिराळ्या पदव्या मिळतात. नावे सारखी वाटली तरी वाटा वेगळ्या आहेत. ज्याला यंत्रे, ठिबक, अवजारे यांत गोडी आहे त्याने कृषी अभियांत्रिकीचा विचार करावा. ज्याला प्रक्रिया उद्योगाकडे जायचे आहे त्याला अन्न तंत्रज्ञान जवळचे. ज्याला सर्व पिकांची, मातीची, किडी-रोगांची आणि विस्ताराची एकत्र ओळख हवी त्याला कृषी.

पशुवैद्यकाची वाट तर अगदीच निराळी. ती पदवी नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची असून प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर होतो आणि अभ्यासक्रम एक वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा आहे. ‘यंदा कृषीला जातो, पुढच्या वर्षी जनावरांच्या डॉक्टरकीला बघू’ असे म्हणणाऱ्या मुलाने एक वर्षाचे शुल्क आणि एक वर्षाचे वय या दोहोंचा हिशेब आधी करावा.

सरकारी नोकरीची आशा असेल तर एक गोष्ट आवर्जून करावी. ज्या पदाकडे डोळा आहे त्या पदाच्या मागच्या दोन-तीन जाहिराती मिळवून त्यात कोणकोणत्या पदव्या चालतात ते वाचावे. पदवी हाती आल्यावर जाहिरातीत तिचे नावच नाही असे कळण्यापेक्षा आज अर्धा तास खर्च केलेला बरा.

लांबचे सरकारी की जवळचे खाजगी?

खरी ओढाताण येथे असते. असे एक घर डोळ्यापुढे आणू. पाच एकर कोरडवाहू जमीन, एक विहीर, दोन म्हशी. थोरली मुलगी बारावी झाली आहे, धाकटा मुलगा दहावीत आहे. दुसऱ्या फेरीत मुलीचे नाव दापोलीच्या सरकारी महाविद्यालयाला लागले आहे. इकडे गावापासून पाऊण तासाच्या वाटेवर एक खाजगी कॉलेज आहे. तेथील ओळखीचा माणूस म्हणतो, ‘दापोली कशाला? व्यवस्थापनाच्या कोट्यातून इथंच बसवून टाकू.’

आजी म्हणते, “पोरगी इतक्या लांब धाडायची? तिथं पाऊस महिना महिना उघडत न्हाई म्हणत्यात.”

वडील म्हणतात, “इथलं कॉलेज एसटीनं पाऊण तास. सकाळी जाईल, दिवस मावळायला घरी. डोळ्यापुढं राहील.”

मुलगी म्हणते, “आण्णा, मी घरी राहिले तर अभ्यास किती हुईल आन् धारा किती काढाव्या लागतील, ते तुम्हीच सांगा.”

आणि आई, जी इतका वेळ गप्प होती, ती म्हणते, “आधी पैशाचं मांडा. बाकीचं मागनं बोला.”

आईचे म्हणणे खरे आहे. पैशाचे मांडायला बसले की या घरातील निवड स्पष्ट होते. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाबाबत ८ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला. त्यानुसार कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग किंवा इतर मागास प्रवर्ग यांत मोडणाऱ्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत पूर्ण सवलत मिळते. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून गेलेल्या मुलीला ही सवलत नाही. म्हणजे जो ओळखीचा माणूस ‘बसवून टाकू’ म्हणतो, तो नकळत या घरावर चार वर्षांच्या पूर्ण शुल्काचा बोजा बसवत असतो. राहण्या-जेवणाचा खर्च दापोलीला येईल हे खरे. तरीही खाजगीचे पूर्ण शुल्क आणि रोजचे जाणे-येणे यांच्या तुलनेत तो बहुधा कमीच भरतो.

आजीच्या बोलण्यातही तथ्य आहे. दापोलीचा पाऊस, भातशेती, आंबा-काजूच्या बागा हे सारे कोरडवाहू भागातल्या मुलीला नवे आहे. पहिली दोन-तीन महिने तिला जड जातील. पण अभ्यासक्रमाचा गाभा चारही विद्यापीठांत एकच आहे, कारण त्याचा आराखडा भारतीय कृषी अनुसंधान परिषद ठरवून देते. उलट आपल्या रानात नसलेली पिके जवळून पाहायला मिळणे हे कृषीच्या विद्यार्थ्याला फायद्याचेच आहे. घरी ज्वारी-तुरीचे शिक्षण जन्मापासून झालेले असते.

याचा अर्थ जवळचे खाजगी कॉलेज नेहमीच वाईट असा मात्र नाही. समजा दुसऱ्या एका घरात वडिलांना अर्धांगवायू झालेला आहे, आई एकटी आहे आणि मुलाला सुट्टीच्या दिवशी रान पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. तेथे केंद्रीभूत फेरीतूनच जवळच्या खाजगी कॉलेजात जागा मिळत असेल तर ती घेणे शहाणपणाचे ठरू शकेल. केंद्रीभूत फेरीतून मिळालेल्या खाजगी जागेलाही नियमानुसार शिष्यवृत्तीच्या योजना लागू होतात. प्रश्न सरकारी की खाजगी एवढाच नसतो. जागा कोणत्या वाटेने मिळाली, हाही प्रश्न तितकाच मोठा असतो.

एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. देणगी, विकासनिधी किंवा आणखी कोणत्याही नावाने पावतीशिवाय मागितलेला पैसा देऊ नये. कॅपिटेशन फी घेण्यास मनाई करणारा कायदा महाराष्ट्रात १९८७ सालचा आहे, आणि खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांच्या प्रवेशांवर व शुल्कावर नियंत्रण ठेवणारा कायदा २०१५ सालचा आहे. शुल्क किती घ्यायचे हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ठरलेला आकडा पाहायला मिळतो. तो पाहावा, आणि जेवढे भराल त्याची पावती घ्यावी.

कॉलेज पाहायला जाल तेव्हा

शक्य असेल तर प्रवेश पक्का करण्यापूर्वी वडिलांनी किंवा आईने मुलाबरोबर एकदा कॉलेज पाहून यावे. एसटीने महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, तेव्हा आईने जाण्याला खर्चाची सबब राहिलेली नाही. गेल्यावर इमारतीच्या रंगाकडे पाहून परतू नये.

कृषीचे कॉलेज म्हणजे आधी शेत. कॉलेजची जमीन किती आहे, त्यात यंदा काय उभे आहे, मुलांना स्वतःच्या नावाचे वाफे कसायला देतात का, हे पाहावे. तण माजलेले प्रक्षेत्र दिसले तर शिकवणे कसे असेल याचा अंदाज शेतकऱ्याला वेगळा सांगावा लागत नाही. नंतर प्रयोगशाळा पाहावी. मातीपरीक्षणाची उपकरणे वापरात आहेत, की कपाटात धूळ खात आहेत? मग शिकवणाऱ्यांची चौकशी करावी. किती जागा भरलेल्या आहेत, किती रिकाम्या आहेत, एकच माणूस किती विषय शिकवतो. ही माहिती कार्यालयात मिळाली नाही तर तिसऱ्या वर्षाच्या मुलांना चहाच्या टपरीवर विचारावे. ती खरे सांगतात.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती आहे की नाही, हे स्पष्ट विचारावे. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर जायचे झाले तर तिचा उपयोग होतो. वसतिगृह पाहावे, पाण्याची सोय पाहावी, मेसमध्ये एक वेळ जेवून पाहावे. रॅगिंगविरोधी समिती कोण पाहते, तिचा फोन क्रमांक कोठे लावला आहे, तेही पाहावे. रॅगिंगला मनाई करणारा राज्याचा कायदा १९९९ पासून आहे. असा त्रास झाला तर मुलाने तो सोसून गप्प बसू नये, हे घरातून निघतानाच त्याला सांगून ठेवावे.

चार वर्षांचा ताळेबंद

आता आईने सांगितलेले काम करू. वही घ्यावी आणि प्रत्येक कॉलेजसाठी एक पान करावे. कृषीची पदवी चार वर्षांची, आठ सत्रांची आहे. तेव्हा पहिल्या वर्षाचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये. पानावर पुढील बाबी मांडाव्यात: शिक्षण शुल्क, परीक्षा व इतर शुल्क, अनामत, वसतिगृह किंवा खोलीभाडे, जेवण, पुस्तके व प्रात्यक्षिकाच्या वह्या, प्रवासाच्या फेऱ्या, शैक्षणिक सहली, मोबाईल व संगणकाचा खर्च, दुखणे-खुपणे. शेवटच्या वर्षी मुले ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहायला जातात. आपल्या गावात येणारे कृषिदूत आणि कृषिकन्या ते हेच. त्या काळातील राहण्याचा खर्चही धरावा. मग सवलत आणि शिष्यवृत्ती वजा करावी, आणि उरलेल्या आकड्याखाली रेघ मारावी.

या ताळेबंदात एक रकाना सर्वजण विसरतात. तो म्हणजे पैसा कधी लागणार. शुल्क भरायचे असते ते श्रावण-भाद्रपदात, जेव्हा पेरणी, खते आणि औषधांत हात मोकळा झालेला असतो आणि माल घरात आलेला नसतो. दिवाळीनंतर जो शेतकरी शुल्क सहज भरू शकला असता, तो ऑगस्टात सावकाराच्या ओट्यावर जातो. म्हणून दुसऱ्या वर्षापासून तरी दुधाच्या पगारातून किंवा रब्बीच्या पैशातून दर महिन्याला थोडी रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला काढावी आणि तिला हात लावू नये.

आणखी एक रकाना धाकट्यांचा. वरच्या घरातील मुलगा दोन वर्षांनी बारावी होईल. थोरलीवर सर्व ताकद खर्च करून टाकली तर त्याच्या वेळी घर रिते असेल. आणि पुष्कळ घरांत याच्या उलटही घडते. धाकट्या मुलासाठी राखून ठेवायचे म्हणून थोरल्या मुलीला गावातच थांबवतात. दोघांचे पान एकाच वहीत मांडले म्हणजे असा अन्याय निदान डोळ्याआड होत नाही.

पैसे कोठून आणावेत, कोठून आणू नयेत

आधी हक्काचे पैसे पाहावेत. मुलग्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून, ८ लाखांच्या उत्पन्न मर्यादेत, शिक्षण शुल्काच्या निम्म्या रकमेची मदत होते. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना, अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना स्वयम् योजना, इतर मागास व भटक्या-विमुक्तांच्या मुलांना सावित्रीबाई फुले आधार योजना, अशा राहण्या-जेवणाच्या खर्चाच्या योजना आहेत. शिष्यवृत्त्यांचे बहुतेक अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात आणि दर वर्षी नूतनीकरण करावे लागते. पैसे उशिरा येतात, हे गृहीत धरावे. म्हणून प्रवेशाच्या दिवशी हातचे किती भरावे लागतील, हे कॉलेजला आधीच विचारून घ्यावे.

एवढे करून कमी पडले तर बँकेचे शैक्षणिक कर्ज. पण त्याचे व्याज शिक्षण चालू असतानाही मोजले जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. समजा दर वर्षाच्या आरंभी १ लाख रुपये याप्रमाणे चार वर्षांत ४ लाख उचलले, व्याज साधे १० टक्के धरले आणि हप्ते शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू झाले. तर पहिल्या लाखाचे पाच वर्षांचे ५० हजार, दुसऱ्याचे ४० हजार, तिसऱ्याचे ३० हजार आणि चौथ्याचे २० हजार, असे १ लाख ४० हजार रुपये व्याज चढते. पहिला हप्ता भरायच्या दिवशी देणे ५ लाख ४० हजारांचे झालेले असते. शिकत असतानाच जमेल तसे व्याज भरत गेले तर हा डोंगर वाढत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्र सरकारची पतहमी योजना आहे. तेव्हा कोणी जमीन तारण मागितली तर या योजनेविषयी शाखाधिकाऱ्यांना अवश्य विचारावे.

आता कोठून आणू नयेत ते. पीककर्जाची रक्कम शुल्कात घालू नये. पीक बिनखताचे राहते, उत्पन्न घटते, कर्ज थकते आणि मुदतीत फेड केल्यास मिळणारी व्याजाची सवलतही जाते. एका चुकीने दोन हंगाम बिघडतात. सावकाराचे शेकडा-महिन्याचे पैसे घेऊ नयेत. आणि पदवीसाठी जमीन विकू नये. चार वर्षांनी पदवीधर झालेल्या मुलाला परत येऊन ज्या रानात शिकलेले करून दाखवायचे, ते रानच उरले नाही तर त्या शिक्षणाचा पाया कशावर? एखादी म्हैस विकली तर पुढे घेता येते, दागिना गहाण टाकला तर सोडवता येतो. बांध एकदा गेला की गेला.

नोकरीचे काय?

‘शिकून नोकरी लागेल का?’ हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. कृषी पदवीधरांना लोकसेवा आयोगाची कृषी सेवेची परीक्षा आहे, बँकांत कृषी अधिकाऱ्यांच्या जागा निघतात, बियाणे, खते, औषधे आणि ठिबकच्या कंपन्या माणसे घेतात. पण जागा थोड्या आणि पदवीधर पुष्कळ, ही वस्तुस्थिती आहे. सरकारी नोकरी लागेलच असे गृहीत धरून कर्ज काढणे म्हणजे पाऊस पडेलच असे धरून धूळपेरणी करणे. कधी साधते, कधी दुबार पेरणी येते.

पदवीचा दुसरा उपयोग कमी बोलला जातो. कीटकनाशकांच्या दुकानाच्या परवान्याला शिक्षणाची अट आहे, ती ही पदवी पूर्ण करते. कृषी पदवीधरांना सल्ला केंद्र किंवा व्यवसाय काढता यावा म्हणून केंद्र सरकारने २००२ मध्ये कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना सुरू केली. तीत प्रशिक्षण आणि कर्जावर अनुदान आहे. रोपवाटिका, मातीपरीक्षण, शेतकरी उत्पादक कंपनीचे काम, प्रक्रिया उद्योग या वाटाही आहेत. शेवटच्या वर्षी मुलांना प्रत्यक्ष उत्पादन घेऊन विकण्याचा अनुभव देतात. तो कोणत्या कॉलेजात मन लावून करून घेतात, हे कॉलेज निवडताना जरूर विचारावे.

मनासारखे मिळाले नाही तर

काही मुलांना हव्या त्या अभ्यासक्रमाला किंवा कॉलेजला नाव लागत नाही. एक वर्ष थांबून पुन्हा सीईटी द्यावी काय? मुलाचे गुण कशामुळे कमी पडले याचे नेमके कारण सांगता येत असेल आणि ते कारण पुढच्या वर्षी राहणार नसेल, तर थांबण्यात अर्थ आहे. आजारपण हे असे कारण आहे. नुसतेच ‘पुढच्या वर्षी जास्त अभ्यास करतो’ हे नाही. थांबलेल्या वर्षात मुलगा घरचे रान पाहील की शहरात क्लास लावील, हेही आधीच ठरवावे. दोन्ही धड होत नाही.

आधी घेतलेला प्रवेश ठराविक तारखेपूर्वी रीतसर रद्द केला तर किरकोळ कपात होऊन शुल्क परत मिळते. तारीख उलटल्यावर ते मिळत नाही. म्हणून एका ठिकाणी पैसे भरून दुसरीकडे जाण्याचा विचार असेल तर ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावी.

आणि सर्वांत शेवटी, खरे तर सर्वांत आधी, ज्याला शिकायचे आहे त्याला विचारावे. पाहुण्यांसमोर नव्हे. पाहुण्यांसमोर मुले ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणतात. रानात, बांधावर बसून विचारावे. तो जे सांगेल ते वहीतल्या हिशेबाशेजारी ठेवावे. हिशेब परवडतो पण मुलाचे मन नाही, तर तो दुसऱ्या वर्षी विषय मागे ठेवून बसतो. मन आहे पण हिशेब मुळीच बसत नाही, तर घर खचते. दोन्ही जेथे जुळतात ते कॉलेज, मग ते नावाजलेले असो वा नसो, त्या घरासाठी चांगले.

हे ध्यानात ठेवा

१. फेरीत नाव लागल्यावर हजर होण्याची शेवटची तारीख त्याच दिवशी लिहून घ्या.
२. जागा केंद्रीभूत फेरीतून आहे की व्यवस्थापन कोट्यातून, हे कागदावर पाहा. सवलती त्यावर अवलंबून आहेत.
३. पहिल्या वर्षाचे नव्हे, चारही वर्षांचे पैसे मांडा, आणि धाकट्यांचे पानही त्याच वहीत ठेवा.
४. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.
५. पीककर्ज आणि जमीन यांना हात लावू नका.
६. कॉलेजचे शेत पाहिल्याशिवाय कॉलेज पाहिले असे म्हणू नका.

शेतकरी बंधू-भगिनींनो, बी निवडताना आपण पिशवीवरचे चित्र पाहत नाही, उगवणक्षमता आणि आपली माती पाहतो. कॉलेजचेही तसेच आहे. चार दिवस थोडे आहेत हे खरे, पण घरातली चार माणसे एका वहीभोवती बसली तर तेवढे पुरतात. यंदा ज्यांच्या घरी यादीत नाव लागले आहे त्यांनी आज रात्रीच जेवणे झाल्यावर ती वही काढावी, आणि पहिली ओळ मुलाच्या किंवा मुलीच्या हाताने लिहून घ्यावी.